माळ वाढत होती

क्लेमेंटच्या आजाराचं बारसं गावाने चार वेळा केलं. डोळे लाल झाले तेव्हा सगळे म्हणाले, डोळे आलेत. हुडहुडी भरून ताप चढला तेव्हा मलेरिया झाला. कपाळ ठणकायला लागलं तेव्हा ऊन लागलं, आणि तेही भर पावसाळ्यात. शेवटी पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की त्याला मोरीपर्यंत चालवेना, तेव्हा शेजारची विनी म्हणाली, "ऑफिसात बसणारी माणसं वर्षातून एकदा चिखलात वाकतात, दुसरं काय होणार!" एकाच माणसाला एकाच वेळी एवढं सगळं कसं झालं, हे विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. प्रिस्कालाही नाही. आणि प्रिस्का म्हणजे क्लेमेंटची बायको, माणिकपूरच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांना शास्त्र शिकवणारी.

क्लेमेंट मुंबईत एका विमा कंपनीत कारकून होता. पण आगाशीच्या अलीकडच्या त्यांच्या गावातल्या नोकरदारांची एक रीत होती. बाकी सुट्ट्या शिल्लक राहोत न राहोत, भातलावणीला रजा ठरलेली. साहेबाला सांगायचं, घरी कार्य आहे, आणि पँट गुडघ्याच्या वर गुंडाळून शेतात उतरायचं. शेत असून लावणीला मजूर लावणारा मुलगा म्हणजे गावाच्या दृष्टीने फुकट गेलेला मुलगा. क्लेमेंटची आई मटिल्डाबाई तर बूट घालून शेतात येणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवायची. भाताला पाय लागला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी उंदरांनी बांधाची चाळण करून ठेवली होती. एका बिळातून पाणी निसटलं की मटिल्डाबाई हाक मारायची, क्लेमेंट चिखलाचा गोळा बिळात कोंबायचा आणि टाचेने दाबून बसवायचा. टाचेला आधीच शिंपल्याने कापलं होतं. "चिखलानेच बुजलं बघ," असं तो रात्री जेवताना प्रिस्काला हसत हसत म्हणाला होता. बांधाच्या दुसऱ्या टोकाला त्याची आईही तेच करत होती. तिच्या टाचांना तर बाराही महिने भेगा.

ताप हटेना तेव्हा प्रिस्काने त्याला रिक्षात घातलं आणि माणिकपूरला डॉक्टर सरोजिनींकडे नेलं. डॉक्टरांनी त्याच्या पोटऱ्या दाबल्या. तो कळवळला. मग त्यांनी विचारलं, "शेतात उतरला होता?"

"उतरलो होतो."

"पायाला जखम? शेतात उंदीर?"

"डॉक्टर, उंदीर कुठे नाहीत?" क्लेमेंट म्हणाला. तेव्हा तो अजून विनोद करत होता.

मलेरियाच्या तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "उंदराच्या लघवीतून पाण्यात एक जंतू येतो. कापलेल्या कातडीतून आत शिरतो. तो असू शकतो, असं मला वाटतं. नक्की सांगायला वेगळी तपासणी लागेल, तिला वेळ लागतो. तोवर थांबायचं नाही. या कॅप्सूल आजपासून, ताप उतरला तरी पाकीट संपेपर्यंत. आणि लघवीवर लक्ष ठेवा. कमी झाली तर लगेच या." त्यांनी रोगाचं इंग्रजी नावही सांगितलं. रिक्षात बसेपर्यंत प्रिस्काच्या डोक्यात त्याचा पहिला अर्धा भागच उरला. ताप डोक्यात, दुखणं पायात आणि लक्ष लघवीवर, हे काय प्रकरण आहे तिला समजेना. पण तिने कॅप्सूल दिल्या. एक त्या संध्याकाळी, एक सकाळी.

आणि त्याच सकाळी क्लेमेंटचे डोळे पिवळे दिसायला लागले.

मटिल्डाबाईने त्याची पापणी खाली ओढली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो, ही तर कावीळ! तुज्या डॉक्टरीणबाईने डोळ्यांत बगितलं पन नाय?"

"काल पिवळे नव्हते, आई."

"मग तिच्या गोळ्यांनी झाले! गरम गोळ्या काळजावर बसतात." काळीज नेमकं कुठे असतं, यावर प्रिस्काने एरवी तिच्याशी वाद घातला असता. पण त्या सकाळी तिच्याकडे वाद घालायला काही नव्हतं. डॉक्टरांनी काविळीचं नाव काढलं नव्हतं, आणि कावीळ तर समोर दिसत होती. शाळेच्या पुस्तकात दूषित पाण्याने होणाऱ्या रोगांमध्ये कावीळ असते. डॉक्टरही पाण्याचंच काहीतरी बोलल्या होत्या. म्हणजे डॉक्टर आणि सासू एकच गोष्ट सांगत होत्या की एकमेकींच्या विरुद्ध? प्रिस्काला काही म्हणता काही कळेना.

"ह्याचा बाप असाच पिवळा झालता," मटिल्डाबाई म्हणाली. "शांतारामने माळ घातली. पायापर्यंत उतरली नि मानूस उठून बसला. इच्चार गावात कोनालाही."

क्लेमेंटला विचारायची गरज नव्हती. बापाच्या छातीवर ती माळ त्याने लहानपणी पाहिली होती. "जाऊ या शांतारामकडे," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मला बरं वाटू दे, बास."

शांताराम राहायचा गोखिवऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. लबाड माणूस नव्हता तो, हे सांगायलाच हवं. नारळ घ्यायचा, तो फोडून अर्धा परत द्यायचा. त्याने क्लेमेंटचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. "आहे," शांताराम म्हणाला. एकच शब्द, आणि प्रिस्काच्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, असू शकतं. हा म्हणत होता, आहे. घाबरलेल्या माणसाला या दोन शब्दांमधला फरक फार मोठा वाटतो.

मग त्याने कसल्याशा झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवले आणि ती इवलीशी माळ क्लेमेंटच्या डोक्यावर मुकुटासारखी बसवली. कावीळ उतरेल तशी माळ वाढेल, डोक्यावरून गळ्यात येईल, गळ्यातून छातीवर, आणि पायांखालून निघाली की रोग गेला. मात्र तोवर हळद नाही, मीठ नाही, मासळी नाही. "आणि डॉक्टरचं औषध पोटात असलं तर माळ अडते," तो म्हणाला. "काय ते एक करा."

वाटेत तुटलीबिटली तर असावी म्हणून त्याने आणखी एक माळ बांधून दिली. मटिल्डाबाईने घरी आल्यावर ती घरातल्या आल्तारावरच्या सेंट अँथनीच्या मूर्तीच्या डोक्यावर ठेवली. देव आणि शांताराम, दोघांनाही एकाच कामाला लावलेलं बरं, असा तिचा हिशेब. "फादरना सांगू नको हां," एवढंच ती प्रिस्काला म्हणाली. कॅप्सूलचं पाकीट आल्ताराच्या खणात गेलं.

माळ वाढली. खोटं कशाला बोला, खरंच वाढली. आधी कपाळावर आली, मग गळ्यात उतरली. आणि ताप? तोही गेला! विनी रोज सकाळी माळ बघायला यायची आणि "छातीपर्यंत आली गं" अशी बातमी घेऊन गल्लीभर जायची. प्रिस्का शाळेत रजा टाकून घरी बसली होती. ताप उतरला, माळ उतरतेय, सगळे आनंदात, आणि मग आपल्यालाच चैन का पडत नाही, हे तिला उमजत नव्हतं.

कारण माळ वाढत होती आणि क्लेमेंट कमी होत होता. त्याला उलट्या व्हायच्या. तोंड सुजल्यासारखं दिसायचं. उचकी लागली की थांबायची नाही. लघवीचं विचारलं की तो चिडायचा.

"जाऊन आलास?"

"आलो."

"झाली?"

"थोडी. आता मोरीत पण येणार आहेस का?"

प्रिस्का हे सासूला सांगायची, तर सासूकडे उत्तर तयारच असायचं. पाणी कमी पितो, मग होणार कुठून? सूज आली, कारण नुसती पेज खातो. उचकी लागली, कोणी तरी आठवण काढत असेल, ऑफिसात एवढी माणसं आहेत. एकेक उत्तर ऐकलं की पटायचं. सगळी एकत्र केली की एकही पटायचं नाही. डॉक्टरांना फोन करावा असं तिला वाटे, आणि मग वाटे, त्या विचारतील कॅप्सूल चालू आहेत ना, तेव्हा काय सांगायचं? शास्त्राच्या बाईंनी माळ घातली?

आणखी एक गोष्ट तिला कोड्यात टाकत होती. क्लेमेंट अंथरुणाला खिळला त्याच सुमाराला मटिल्डाबाईलाही ताप आला होता. तिच्याही पोटऱ्या दुखत होत्या; खोबरेल गरम करून ती स्वतःच चोळत बसायची आणि कोणी पाहिलं की पाय लुगड्याखाली घ्यायची. पण ती दोन-चार दिवसांत उठून कामाला लागली. सासू पासष्टीच्या पुढची, त्याच बांधावर, त्याच चिखलात, आणि ठणठणीत! आणि चाळिशीही न गाठलेला तिचा मुलगा कुशीवर वळायला आधार मागतोय.

"तुम्ही कशाने बऱ्या झालात हो आई?" तिने एकदा विचारलंही.

"सेंट अँथनी," मटिल्डाबाई म्हणाली आणि पेजेखालचा जाळ वाढवला.

त्या दिवशी संध्याकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेआधी प्रिस्का आल्तार पुसत होती. मेणबत्तीचं मेण खरवडून काढलं, सुकलेली फुलं उचलली आणि सेंट अँथनीच्या तोंडावरून फडकं फिरवताना तिचा हात थांबला. डोक्यावर मुकुटासारखी बसवलेली माळ संताच्या खांद्यावर आली होती. खांद्यावर कसली, त्याच्या कडेवरच्या बाळ येशूलाही कवेत घेऊन ती खाली लोंबत होती.

तिला आधी वाटलं, आपणच आत्ता धक्का दिला. तिने माळ उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिली. वीतभर उंचीच्या मूर्तीच्या डोक्यावर मावलेली माळ प्रिस्काच्या कानांवरून सरकून गळ्यात पडली.

"आई! ही माळ बदललीत का तुम्ही?"

मटिल्डाबाई पदराला हात पुसत आली. "मी कशाला हात लावू तिला? घरी आलो तवा ठेवली ती ठेवली."

"मग ही कशी वाढली?"

मटिल्डाबाईने माळेकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं. काड्या सुकून आक्रसल्या होत्या. गाठी सैल पडल्या होत्या. दोरा लांबला होता. झालं होतं ते एवढंच.

"सेंट अँथनीला कावीळ झाली होती का, आई?" प्रिस्काने विचारलं. तिला हे हसून विचारायचं होतं की ओरडून, ते तिलाच ठाऊक नव्हतं. आवाज निघाला तो रडका.

प्रिस्का आतल्या खोलीत गेली. क्लेमेंट उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत होता. "क्लेमेंट, खरं सांग. लघवी शेवटची कधी झाली?"

त्याला आठवायला वेळ लागला. "आज नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "काल पण नाही बहुतेक."

पुढचं सगळं तिने धावत केलं. विनीच्या नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं, क्लेमेंटच्या गळ्यातली माळ तोडून टाकली, आणि डॉक्टरांना दाखवायला म्हणून खणातून कॅप्सूलचं पाकीट काढलं. पाकीट जवळपास रिकामं होतं. एका टोकाला थोड्या कॅप्सूल तेवढ्या उरल्या होत्या. प्रिस्काच्या मनात एकदम आशा उभी राहिली. हा बाबा चोरून घेत होता तर! आईला दुखवायचं नाही म्हणून माळ गळ्यात आणि बायकोला दुखवायचं नाही म्हणून कॅप्सूल पोटात. अगदी त्याच्याच स्वभावाचं काम. मटिल्डाबाईही रिक्षात चढली; प्रिस्काने ते पाकीट मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

डॉक्टर सरोजिनींनी क्लेमेंटला पाहिलं आणि आधी काही विचारलंच नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला फोन लावला आणि गाडी मागवली. मग इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "लघवीवर लक्ष ठेवा म्हटलं होतं ना मी? मूत्रपिंडं बंद पडत आलीत. कावीळही त्याच जंतूमुळे आहे. कॅप्सूल किती घेतल्या?"

"जवळजवळ सगळ्या," प्रिस्का म्हणाली आणि पाकीट पुढे केलं.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, क्लेमेंटकडे पाहिलं. "एवढ्या घेतल्या असत्या तर हा असा आला नसता."

"दोनच," क्लेमेंट पुटपुटला. "मी दोनच घेतल्या. माळ अडेल म्हणून."

प्रिस्काला वाटलं, तापात बरळतोय. पण ताप तर नव्हता. मग उंदराने खाल्ल्या की काय, असाही वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"त्या मी खाल्ल्या," दाराशी उभी असलेली मटिल्डाबाई म्हणाली.

ती दोन पावलं आत आली. "माजे पन पाय तशेच दुखत होते. ताप होता. माळ त्याच्या डोक्यावर होती, माज्या नव्हती. मला औषध चालत होतं. टाकून कशाला द्यायच्या, म्हटलं. सकाळ-संध्याकाळ घेतल्या, तो घ्यायचा तशा."

"शेतात तुम्हीही होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हते ना. दुसऱ्या टोकाला."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणून तुम्ही आज आपल्या पायांवर उभ्या आहात," त्या हळूच म्हणाल्या.

मटिल्डाबाईला ते समजायला वेळ लागला. मुलाच्या तोंडाकडे, मग स्वतःच्या पायांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे तिने पाहिलं. मग डॉक्टरांच्या कोटाची बाही धरून अगदी लहान आवाजात विचारलं, "त्या माज्या पोटातनं काढून त्याला देता नाय येनार?"

मुंबईच्या इस्पितळात क्लेमेंटचं रक्त यंत्रातून फिरवून धुतलं गेलं, शिरेतून पेनिसिलिन दिलं गेलं. तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यात डॉक्टर सरोजिनी बोलल्या होत्या तेच नाव होतं. तो जगेल की नाही हे तिथले डॉक्टर सांगत नव्हते. बघू म्हणत. पण या वेळी त्या "बघू"वर प्रिस्का चिडली नाही. न कळणारी गोष्ट कळत नाही असं सांगणारी माणसं आता तिला खात्रीची वाटायला लागली होती.

चीड येत होती ती दुसऱ्याच कशाची. पण कोणाची, हे ठरत नव्हतं. शांतारामची म्हणावी, तर त्याने काय ते एक करा असं सांगितलं होतं, आणि निवड तर घरच्यांनी केली होती. सासूची म्हणावी, तर ती बाकावर भिंतीला टेकून अशी बसायची की तिच्याकडे पाहवत नसे. क्लेमेंटची म्हणावी, तर तो नळ्यांमध्ये पडलेला. उरली कोण? कॅप्सूलचं पाकीट स्वतःच्या हाताने खणात ठेवणारी शास्त्राची बाई.

मग एका दुपारी नर्सने पलंगाखालची पिशवी वर उचलून दाखवली. तळाशी चहाच्या कपभर लघवी साठली होती. "आली, आली!" नर्स म्हणाली. प्रिस्काने तोंडावर हात धरला आणि सगळ्या वॉर्डासमोर हमसून हमसून रडली. क्लेमेंटने डोळे उघडून विचारलं, "थोडी झाली का?" आणि तिला रडता रडता हसू फुटलं. तो वाचणार होता.

ती बातमी द्यायला बाहेर आली. मटिल्डाबाईने ऐकलं, क्रूस केला, आणि पुन्हा हात मांडीवर ठेवले. ओठ कोरडे पडले होते तिचे. तेवढ्यात वॉर्डातल्या डॉक्टरांनी फेरी संपवून निघताना सांगितलेलं प्रिस्काला आठवलं. आईंचा कोर्सही अर्धा राहायला नको, उरलेल्या कॅप्सूल त्यांना द्या.

तिने पर्समधून ते चुरगळलेलं पाकीट काढलं, एक कॅप्सूल तळहातावर घेतली आणि पाण्याची बाटली उघडली. "घ्या, आई."

मटिल्डाबाईने मान फिरवली. "नको. त्याची हाय ती."

"त्याला दुसरं औषध चालू आहे. ही तुमची."

"माज्या घशाखाली नाय उतरायची, पोरी."

प्रिस्का तिच्यासमोर उभी राहिली. या बाईला मिठी मारावी की हिच्याशी जन्मात बोलू नये, हे तिला त्या घडीलाही कळत नव्हतं. कॅप्सूल पुढे करायची, एवढंच कळत होतं. हात तसाच पुढे राहिला. शेवटी मटिल्डाबाईने ती उचलली, तोंडात टाकली, पाणी घेतलं आणि डोळे घट्ट मिटून गिळली.

"आ करा," प्रिस्का म्हणाली.

मटिल्डाबाईने आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. शाळेत पोरांना जंताच्या गोळ्या देताना पाहते तसं प्रिस्काने वाकून पाहिलं, जीभ वर करायला लावली, आणि खाली काही उरलेलं नाही याची खात्री झाल्यावरच सासूच्या शेजारी बाकावर बसली.